पल्याडचा जिल्हा

रत्नागिरी जिल्ह्याची वाटणी झाली आणि दक्षिणेकडच्या भागाला सिंधुदुर्ग हे नाव मिळालं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. हे आधीच सांगून टाकतो. नंतर मला काहींनी विचारलं की तू असं का केलंस, तेव्हा मी कधी अध्यक्षांचं नाव पुढे केलं, कधी पाहुण्यांचं. पण खरं कारण एवढंच होतं की मी खूश होतो आणि खुशीत कोणाकडे बघायचं राहून गेलं.

तेव्हा मी नुकताच तिशीत आलो होतो. वडील गिरणीत होते, नोकरीत असतानाच गेले. आई आणि मी भांडुपच्या डोंगरउतारावर एका चाळीत राहायचो, आणि मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. आमच्या चाळीत आणि आजूबाजूला बहुतेक आमच्याच गावची माणसं. कोणी एकाने पहिली खोली घेतली, त्याने भावाला आणलं, भावाने मेव्हण्याला, असं करत करत गाव डोंगर चढलं. गावाकडेही आमची घरं अशीच, एकाच्या अंगणाखाली दुसऱ्याची कौलं. त्यामुळे उताराचं कोणाला काही वाटलं नाही. फक्त उताराच्या पायथ्याला इथे खाडी नव्हती.

त्या खाडीबद्दल सांगायला हवं. आमचं गाव तिच्या दक्षिण काठावर. समोर उत्तर काठावर एक वाडी, ते माझ्या आईचं माहेर. मधे होडी. एका काठावर कोणी जोरात हाक मारली की दुसऱ्या काठावरचं कुत्रं भुंकायचं, इतकंच अंतर. दोन्ही काठांचे तालुके पहिल्यापासून वेगळे होते, पण तालुका म्हणजे सातबारा काढायला जायचं ठिकाण. त्यापलीकडे त्याचं कोणाला सोयरसुतक नव्हतं. देवी मात्र एकच. देऊळ आमच्या काठावर. पण ती मुळात समोरच्या काठावर प्रकटली आणि होडीत बसून इकडे आली, अशी कथा होती. का आली याबद्दल दोन मतं. आमची माणसं म्हणत, तिला आमची जागा आवडली. समोरची म्हणत, तुमची दया आली तिला, तुमच्याकडे बघणारं कोणी नव्हतं. काही असो, ती त्यांची माहेरवाशीण आणि आमची घरची. म्हणून जत्रेत पहिलं गाऱ्हाणं घालायचा मान समोरच्या काठावरच्या एका घराचा. ते घर माझ्या आजोळचं. आणि भांडुपला जेव्हा गावचं मंडळ स्थापन झालं, दरवर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी सत्यनारायण होऊ लागला, तेव्हा तिथला मानही आपोआप माझ्या मामाकडे आला. मामा आमच्या चाळीच्या खालच्या अंगाला राहायचा आणि मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर होता.

कोकणाबाहेरच्या वाचकाला गाऱ्हाणं म्हणजे तक्रार वाटेल. आमच्याकडे तसं नाही. नारळ पुढे ठेवून सगळ्यांच्या वतीने, मोठ्या आवाजात देवापाशी घातलेलं ते मागणं. एकजण बोलतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणतात. समोर देव असो की देवी, हाक 'म्हाराजा' अशीच. हे 'होय' नुसतं तोंडदेखलं नसतं. समज अशी की गाऱ्हाण्यात जे बोललं गेलं आणि ज्याला होय मिळालं, ते देवाच्या कानावर गेलं. ते मागे घेता येत नाही. चूक झालीच तर ज्याचा मान त्यानेच दुसरं गाऱ्हाणं घालून ती निस्तरायची.

मामाचं गाऱ्हाणं ऐकायला दुसऱ्या गावची माणसंही येऊन उभी राहायची. खर्जातला आवाज, घाई नाही. आजारी माणसं, अडलेली लग्नं, सुटलेल्या नोकऱ्या, सगळं त्यात यायचं, नाव न घेता, पण ज्याचं त्याला कळेल असं. आणि शेवटाकडे ठरलेलं वाक्य: 'अल्याडच्या आणि पल्याडच्या तुझ्या लेकरांक सुखी ठेव, म्हाराजा!' लहानपणी मला कोडं पडायचं की भांडुपात उभं राहून हा अल्याड कोणाला म्हणतो. एकदा विचारलं, तर म्हणाला, 'जो म्हणता तो अल्याडचो, समोरचो पल्याडचो. तू म्हणशीत तेव्हा मी पल्याडचो. सोप्पा आसा.'

नव्या जिल्ह्याचं नाव जाहीर झालं तेव्हा चाळीच्या ओट्यावर दुसरा विषय नव्हता.

'म्हणजे आता आपण रत्नागिरीकर नाय?'

'आपण होतो कधी? रत्नागिरी खंय नि आपण खंय! माझो बापूस कोर्टाच्या तारखेक जाय तेव्हा दोन दिवसांची भाकरी बांधून घेय.'

'ता खरा. पण किल्ल्याचा नाव जिल्ह्याक? किल्ल्यात रवता कोण?'

'महाराजांनी बांधलेलो किल्लो हा तो. गप बस.'

'मी खंय नाय म्हणतंय? मी इचारतंय, कलेक्टर हापिसात होडीन जातलो काय?'

मग कोणीतरी सांगितलं की कचेरी किल्ल्यात नाही, ओरसच्या माळावर नवीन बांधणार आहेत, तिथे आज गुरं चरतात. त्यावर हसून झालं. पण त्या हसण्यात अभिमान होता. मुंबईत आम्हाला सगळे रत्नागिरीचे, नाहीतर सरळ 'कोकणातले' म्हणायचे. आता आमचं म्हणून एक नाव होतं, समुद्रातल्या किल्ल्याचं, महाराजांच्या हातचं. मी कारखान्यात लोकांना मुद्दाम विचारायला लावायचो, 'गाव कुठलं?' आणि 'सिंधुदुर्ग' म्हणताना छाती फुगवायचो.

वर्तमानपत्रात एक छोटा नकाशा आला होता. जाड रेघ नेमकी आमच्या खाडीतून गेलेली. मी ती बोटाने शोधली, खाली आमचं गाव कुठे असेल ते ताडलं, आणि कात्रण काढून ठेवलं. रेघेच्या वर काय राहिलं, तिकडे माझं लक्ष गेलं नाही. माझ्या आजोळचं अंगण त्या रेघेपासून दगड मारण्याच्या अंतरावर होतं.

मंडळाचे अध्यक्ष आमच्याच वाडीतले, पोस्टात नोकरीला. मी चिटणीस. अध्यक्षांनी सभा घेऊन मंडळाच्या नावात जिल्ह्याचं नाव घालायचा ठराव मांडला. सगळ्यांनी हात वर केले, मामाच्या वाडीच्या माणसांनीसुद्धा. त्यांची आठ-दहा बिऱ्हाडं होती भांडुपात. मामा म्हणाला, 'पाटयेर कायव लिहा. भांड्यांवरचा नाव तेवढा खोडू नका, टोपां गळतली.' मंडळाची जेवणाची मोठी पातेली होती, त्यांवर जुनं नाव कोरलेलं होतं. सगळे हसले. पेंटर आला, पाटी रंगवून गेला. तिथवर काही बिघडलं नव्हतं.

पूजेच्या आदल्या रविवारी अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. नव्या जिल्ह्यातून कोणी पाहुणे येणार होते. 'तुझ्या मामाला सांग, गाऱ्हाण्यात जिल्ह्याचं नाव आलं पाहिजे. तुझं ऐकेल तो.'

मामा दाढी करत होता. खिडकीच्या गजाला आरसा अडकवलेला. मामी तांदूळ निवडत बसली होती.

'मामा, या वर्षी गाऱ्हाण्यात नवीन जिल्ह्याचं नाव यायला हवं.'

'गाऱ्हाण्यात जिल्हो खंयचो रे? देवी काय कलेक्टर कचेरीत कामाक आसा?'

'पाहुणे येणारेत. त्यांना बरं वाटेल.'

'पाहुण्यांका शिरो वाढ दोन चमचे जास्ती. बरा वाटात.'

मामी हसली. मी तेवढ्यावर उठायला हवं होतं. पण मला युक्तिवाद सुचला, आणि सुचलेला युक्तिवाद गिळायची अक्कल मला त्या वयात नव्हती. मी म्हटलं, 'पाहुण्यांचं सोड. देवीला कळायला नको? आपण खोली बदलली तर सगळ्यांना नवा पत्ता कळवतो ना?'

मामाचा वस्तरा थांबला. हे त्याला पटलं. 'ता खरा,' तो म्हणाला. 'कसा म्हणूचा, सांग.'

मी वाक्य तयारच ठेवलं होतं. 'अल्याडच्या पल्याडच्या'ऐवजी 'सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या तुझ्या समस्त लेकरांक'. तो म्हणाला, 'ऐवजी कित्याक? दोनय म्हणतंय.' मी म्हटलं, 'लांबेल, मामा. आणि ते अल्याड-पल्याड बाहेरच्या माणसाला कळत नाही.' हे मी म्हटलं. माझ्या शब्दांत म्हटलं. अध्यक्षांनी एवढं सांगितलं नव्हतं.

मामाने दोन-तीनदा म्हणून बघितलं. 'शिंदुदुर्ग' असं व्हायचं. 'माझी जीभ जुन्या जिल्ह्याची रे,' म्हणाला, आणि मग, 'तू शिकलेलो. तू सांगतंस म्हणजे बरोबरच आसतला.'

पूजा दोन चाळींच्या मधल्या जागेत. बांबूंवर कापड, वर कर्णा, एका बाजूला शिऱ्याची पातेली. पाहुण्यांना पुढे खुर्च्या. मामा पांढरी टोपी घालून उभा राहिला, नारळाकडे बघून हात जोडले, आणि सुरू केलं. नेहमीसारखंच, आधी 'बारा राठी, बारा वहिवाटी' अशा देवाच्या ठरलेल्या हाका, मग आजार, लग्नं, नोकऱ्या. मग ते वाक्य आलं.

'सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या तुझ्या समस्त लेकरांक सुखी ठेव, म्हाराजा!'

नाव अगदी स्वच्छ उच्चारलं. त्याने आठवडाभर सराव केला होता, हे मामीने नंतर सांगितलं.

'होय म्हाराजा!' नव्या नावाच्या जोशात आवाज नेहमीपेक्षा दुप्पट. त्यात माझाही होता.

मामा गप्प उभा राहिला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पुढचं विसरला असं आम्हाला वाटलं. मागून कोणीतरी म्हणालं, 'मामांची बॅटरी डाऊन झाली वाटतं!' हशा पिकला. मामाने उरलेलं घाईघाईने संपवलं, टोपी काढली, घडी करून खिशात घातली, आणि मांडवाच्या बाहेर गेला. प्रसाद घेतला नाही. त्याच्या मागोमाग त्याच्या वाडीची माणसं एकेक करून उठली. पाहुण्यांना काही कळलं नाही. ते टाळ्या वाजवत होते. त्या वाडीची एक म्हातारी जाता जाता आईपाशी थांबली आणि म्हणाली, 'आमका वगळल्यान गो. आमच्याच माणसान.'

आईने माझ्याकडे बघितलं. वाक्य कोणाचं आहे, ते तिला न सांगता कळलं होतं.

संध्याकाळी मी मामाकडे गेलो. म्हटलं, 'मामा, अरे ते नुसतं बोलण्यात गेलं.'

'गाऱ्हाण्यात नुसता बोलणा नसता.'

'मग दुसरं घाल. उद्याच नारळ ठेवू. मी आणतो.'

'कोण घालतलो?'

'तूच.'

मामाने मला समजावलं, अगदी शांतपणे, मशीनचा एखादा भाग समजावावा तसं. मान त्याच्या घराचा. पण त्याचं घर जुन्या जिल्ह्यात. आणि त्याने स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांच्या होयने, देवीला सांगितलं होतं की तुझी लेकरं नव्या जिल्ह्यातली. 'म्हणजे मी भायरचो. भायरच्या माणसान गाऱ्हाणा घालून काय उपेग? आणि दुसऱ्या कोणी घालूक मान नाय. समाजला?'

मला समजलं. मी हसण्यावारी न्यायला आलो होतो, पण त्यात कुठेही खोट सापडेना. मी म्हटलं, 'मी सांगितलं म्हणून तू बोललास.'

'शब्द माझ्या तोंडातसून गेलो, तुझ्या नाय. चाय घे.'

त्याने मला कधीच दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडलो असतो आणि भांडून मोकळा झालो असतो.

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा शब्दासाठी! अध्यक्षांनाही तेच वाटलं. 'जिल्हा सरकारने केला, आपण नाही. खुळेपणा आहे हा,' ते म्हणाले, आणि मी मान डोलावली. दिवसा, टेबलाशी बसून, मलाही तो खुळेपणा वाटायचा. पण मामाच्या वाडीत त्या वर्षी कोणाचं मूल आजारी पडलं तरी बाया एकमेकींकडे बघायच्या. देवीने आपल्यावरची नजर काढली, हे कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात होतं. नवस बोलायचा तर कोणाला बोलायचा? शिमग्याला मामा गावी गेला. खाडी ओलांडून देवळात गेला नाही. पालखी खाडीच्या काठावर आली तेव्हा त्याने आपल्या काठावरून हात जोडले आणि घरी परत फिरला. हे मला त्याने नाही सांगितलं, होडीवाल्याकडून फिरत फिरत भांडुपला आलं. ते ऐकल्यापासून मी 'गाव कुठलं' या प्रश्नाला जिल्हा सोडून उत्तर द्यायला लागलो.

कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर मरोळच्या जुन्या गावठाणातला एक माणूस होता, ख्रिस्ती, घरी मराठीच बोलणारा. डबा खाताना मी त्याला हे सगळं सांगितलं. तो पावाचा तुकडा कालवणात बुडवत म्हणाला, 'ऐक. माझा आजा ठाणे जिल्ह्यात जन्मला. बाप मुंबई उपनगर जिल्ह्यात. मी बृहन्मुंबईत. आणि तिघंही जन्मलो एकाच खोलीत, एकाच खाटेवर. खाट कुठे हलली नाय रे.'

'मग तुमच्या लोकांना काहीच वाटलं नाही?'

'वाटायला कोणी सांगितलं तर पाहिजे! आजा मरेपर्यंत स्वतःला साष्टी बेटातलाच म्हणायचा. बाप म्हणायचा, म्हाताऱ्याला पत्ता माहीत नाय.' मग बोटं पुसत म्हणाला, 'पण आम्ही कधी देवाला नाय सांगितलं. सरकारचं सरकारपाशी ठेवलं. तू यार, उगाच वर कळवलंस.'

त्याला मस्करी करायची होती. मला ते बरोबर जागी लागलं. सरकार जिल्हे करतं ते कारभारासाठी. माणसांना कचेरी जवळ व्हावी, तारखेला जाताना दोन दिवसांची भाकरी बांधावी लागू नये. त्यात वाईट काही नाही. आमच्या लोकांना त्याची गरजच होती. ते नाव कागदासाठी असतं. 'अल्याड' आणि 'पल्याड' हे तर नावही नव्हतं, नुसतं एकमेकांकडे बघणं होतं. मी कागदावरचं नाव उचलून त्या बघण्याच्या जागी ठेवलं होतं. पुढे काही वर्षांनी आमचं भांडुपसुद्धा मुंबईपासून तोडून उपनगर जिल्ह्यात घातलं. चाळीत कोणाला पत्ता नव्हता. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, सगळे त्या गडबडीत होते.

आई मामाकडे पूर्वीसारखीच जायची-यायची. मंडळाच्या कामाबद्दल मात्र घरात बोलेनाशी झाली. एकदा मी जेवताना काहीतरी 'आपल्या जिल्ह्यात' असं म्हणून गेलो. ती म्हणाली, 'तुझो जिल्हो तुका लखलाभ. माझो खंयचो?'

'लग्न झालं की नवऱ्याचा तोच.'

'कोणी सांगल्यान? तुझ्या पेपरात इला?'

मी ताट पुढे केलं. ती आमटी वाढत म्हणाली, 'मी होडीन इलंय ह्या घरात. मधल्या पाण्यात होतंय तेव्हा खंयच्या जिल्ह्यात होतंय?'

 मी भात कालवत राहिलो.

दुसऱ्या वर्षीची पूजा आली. मामाची वाडी येणार नव्हती. गाऱ्हाणं कोण घालणार यावर बैठक झाली, कोणी पुढे होईना, शेवटी अध्यक्षांनी स्वतः घालायचं ठरवलं. माईक धरायचं काम माझ्याकडे. मांडवात गर्दी नेहमीइतकी दिसत होती, पण मधे मधे रिकाम्या जागा होत्या आणि सतरंजी दिसत होती. बायका पाठीमागे शिऱ्याच्या पातेल्यांपाशी.

अध्यक्ष चांगलं बोलत. शुद्ध, स्पष्ट, पोस्टातल्या काउंटरवर बोलतात तसं. 'होय म्हाराजा' येत होतं, पण पावसाळ्यातल्या काडीसारखं, पेटतंय न पेटतंय. मग तेच वाक्य आलं. 'सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तुझ्या सर्व लेकरांना सुखी ठेव...'

'आणि पल्याडची?'

आवाज मागून आला. आई उभी होती, हातात शिऱ्याचा झारा. अध्यक्ष वळले. 'वैनी, गाऱ्हाणं चालू असताना मध्ये बोलू नये.'

'मी मध्ये बोलणंय नाय. देवीक इचारतंय. मी पल्याडच्या घरात जन्माक इलंय, माका सांभाळतली काय नाय?'

 मी माईकवर तळहात ठेवला, का ते माहीत नाही. बहुतेक कर्ण्यातून बाहेर जाऊ नये म्हणून. आईने अध्यक्षांकडे बघितलंच नाही. नारळाकडे बघत होती. 'नाय सांभाळायची आसात तर आताच सांग. मग मी पण खाली भावाकडे जातंय.'

आमच्या चाळीतल्या निम्म्या बायका होडीने आलेल्या होत्या. मी मंडळाचा चिटणीस, पण हे मला तेव्हा त्या मांडवात उभं असताना कळलं. एकीने म्हटलं, 'होय म्हाराजा.' बायका गाऱ्हाण्याला होय म्हणत नसत. मग दुसरी. मग पुरुषांतून एक जाडा आवाज, मग सगळे, असे की कापड हललं. अध्यक्षांनी घसा साफ केला, आणि त्यांनीही म्हटलं. ते मोठ्या मनाचे होते, हे मला मान्य करायला हवं.

मी पायऱ्या उतरून मामाकडे गेलो. तो दारात बसून स्टोव्हच्या बर्नरला पिन मारत होता. त्याने वर बघितलं नाही.

'मध्येच कर्णो बंद पडलो,' तो म्हणाला. 'आणि मगे नुसतो होय ऐकाक इलो. कोण बोलला?'

'आई.'

'काय म्हणाली?'

मी सांगितलं, शब्द न बदलता. मामा पिन आत-बाहेर करत राहिला.

'तिचो मान नाय,' तो म्हणाला.

'नाही.'

'पण ती अल्याडची पण आसा नि पल्याडची पण. तिका कोण भायर काढीत?' हे तो मला सांगत नव्हता, स्वतःशी हिशेब जुळवत होता. 'होय कोणी कोणी म्हटल्यान?'

'सगळ्यांनी. बायकांनीपण.'

'तू?'

खोटं बोलायला मला काही अडचण नव्हती. एवढ्या आवाजात कोणी कोणाचा आवाज ओळखला असता? पण मी त्याच्यासमोर उभा होतो, आणि वर्षभर त्याने मला चहा पाजला होता.

'मी नाही म्हटलं.'

'कित्याक?'

'माझ्या हातात माईक होता.'

मामाने पहिल्यांदाच मान वर केली. मामी आतून बाहेर आली. मला वाटलं आता तो मला एक वर्षाचं सगळं ऐकवेल. तो म्हणाला, 'मगे आता म्हण.'

'इथे?'

'हय नाय तर खंय?'

'होय म्हाराजा,' मी म्हटलं.

'मोठ्यान म्हण. देवी काय भांडुपात रवणा नाय.'

मी मोठ्याने म्हटलं. शेजारची बाई पडदा सारून बाहेर आली. 'काय झालं हो?' मामी म्हणाली, 'काय नाय, भाचो देवीक साद घालता.' मामाने माझ्याकडे बघून हनुवटी वर केली, म्हणजे आणखी एकदा. मी तिसऱ्यांदा ओरडलो, सगळा श्वास लावून, तिशीतला कारकून, डोळ्यांत पाणी, चाळीच्या बोळात. आणि वरच्या मांडवातून, कोणी कशाला हाक मारली हे न कळता, केवळ सवयीने चार-सहा जणांनी उत्तर दिलं, 'होय म्हाराजा!'

मामाने पिन खाली ठेवली. हात फडक्याला पुसले.

'माझो शर्ट दी गो,' तो मामीला म्हणाला. 'ह्येंनी गजाली मारून मारून शिरो निवयलो आसतलो.'